केंटकीची वाट त्यानं उघडली, पण तिथं एक एकर जमीनही त्याच्या नावावर उरली नाही

साल होतं १७९८. अमेरिकेतल्या केंटकी राज्यानं एका काउंटीला एका माणसाचं नाव दिलं. त्याच वर्षी, त्याच राज्यात, कोर्टात साक्षीला आला नाही म्हणून त्याच माणसाच्या नावानं अटकेचं वॉरंटही निघालं.

तो माणूस म्हणजे डॅनियल बून.

बूनचा जन्म १७३४ साली पेनसिल्वेनियातल्या एका क्वेकर पंथीय कुटुंबात झाला. अकरा भावंडांत तो सहावा. शाळेपेक्षा त्याला जंगल आणि बंदूक जास्त जवळची. पुढं कुटुंब नॉर्थ कॅरोलायनात याडकिन नदीच्या खोऱ्यात आलं. तिथं १७५६ मध्ये त्याचं रेबेका ब्रायनशी लग्न झालं. त्यांना दहा मुलं झाली. हरणांची कातडी आणि बीव्हरची फर विकून घर चालायचं. शिकारीसाठी तो महिनोन् महिने बाहेर असायचा आणि मागं शेती, जनावरं, मुलं असं सगळं रेबेका सांभाळायची.

१७६९ मध्ये तो अ‍ॅपलाचियन पर्वत ओलांडून केंटकीत शिरला आणि दोन वर्षं तिथंच हिंडला. ही मोकळी पडलेली जमीन नव्हती. शॉनी आणि इतर मूळनिवासी जमातींची ती शिकारीची भूमी होती. शॉनींनी त्याला पकडलं, कातडी काढून घेतली आणि परत येऊ नकोस म्हणून बजावून सोडलं.

बूननं ऐकलं नाही. १७७३ मध्ये तो बायकामुलं आणि इतर कुटुंबांना घेऊन वस्ती करायला निघाला. वाटेत मूळनिवासींच्या हल्ल्यात त्याचा थोरला मुलगा जेम्स हाल होऊन मेला. तो अवघा १६ वर्षांचा होता. सगळे मागं फिरले.

तरी दोनच वर्षांनी, १७७५ मध्ये, एका जमीन कंपनीसाठी बूननं तीसेक माणसं घेऊन कंबरलँड खिंडीतून झाडं तोडत वाट काढली. हीच ती ‘वाइल्डरनेस रोड’. पुढं याच वाटेनं लाखो लोक पश्चिमेकडं गेले. वाटेच्या शेवटी बून्सबरो ही वस्ती उभी राहिली आणि रेबेका मुलांना घेऊन तिथं आली.

१७७६ मध्ये त्याची मुलगी जेमिमा आणि तिच्या दोन मैत्रिणींना नदीतल्या होडीतून पळवून नेण्यात आलं. बूननं माग काढून तिसऱ्या दिवशी तिघींना सोडवलं.

१७७८ मध्ये तो स्वतःच शॉनींच्या हाती सापडला. त्यांचा प्रमुख ब्लॅकफिश यानं त्याला मुलगा मानून घरात घेतलं. पण बून्सबरोवर हल्ला होणार हे कळताच तो निसटला आणि चार-पाच दिवसांत सुमारे २५० किलोमीटर तुडवत परतला. नवरा मेला असं समजून रेबेका माहेरच्या मुलखात निघून गेली होती. वाट बघत थांबली होती ती फक्त जेमिमा. त्यानं वेढ्यातून वस्ती वाचवली, पण आधी शत्रूला शरण का गेलास म्हणून त्याच्यावर लष्करी खटला भरला गेला. त्यातून तो निर्दोष सुटला. १७८२ मध्ये ब्लू लिक्सच्या लढाईत दुसरा मुलगा, इस्रायल, त्याच्या डोळ्यांदेखत गेला.

एवढी किंमत मोजून मिळवलेली जमीन मात्र कागदावर हरली. तेव्हा केंटकीत झाडं आणि ओढे यांच्या खुणांवरून मोजणी व्हायची. एकाच तुकड्यावर दोन-तीन जणांचे दावे असायचे. नोंदणी वेळेत आणि बिनचूक केली त्याचा हक्क टिकायचा. बून स्वतः मोजणीदार होता, पण कोर्टकचेरी त्याला जमली नाही. दावे बुडाले, वर कर्ज झालं.

१७९९ मध्ये, पासष्टीच्या उंबरठ्यावर, तो कुटुंबासह मिसुरीत गेला. तिथं तेव्हा स्पेनची सत्ता होती आणि तिनं त्याला जमीन दिली. १८०३ मध्ये हा प्रदेश अमेरिकेनं विकत घेतला आणि कागद अपुरे म्हणून तीही गेली. १८१४ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं काही जमीन परत दिली, तर जुनी देणी फेडायला त्यानं त्यातली बहुतेक विकून टाकली. ते बघायला रेबेका नव्हती. ती १८१३ मध्येच वारली होती.

२६ सप्टेंबर १८२० रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, धाकटा मुलगा नेथन याच्या घरी बूननं प्राण सोडला. त्याला रेबेकाशेजारी पुरलं गेलं.

१८४५ मध्ये केंटकीनं दोघांचे अवशेष मिसुरीतून आणून राजधानी फ्रँकफर्टमध्ये पुन्हा पुरले. ते अवशेष खरंच बूनचे होते का, यावर दोन्ही राज्यांत वाद झाला. जिवंतपणी ज्याला केंटकीत हक्काची जागा उरली नाही, त्याच्या थडग्यावर मात्र दोन राज्यांनी हक्क सांगितला.