श्रीशाहू छत्रपती आणि गुणांची पारख

प्रतिवर्षी परीक्षांचे निकाल लागले म्हणजे विद्यार्थ्यांमध्ये एक जुनाच वाद नव्याने सुरू होतो. वैद्यकीय अथवा अभियांत्रिकी महाविद्यालयांतील जागा थोड्या आणि त्या मागणारे पुष्कळ. तेव्हा त्या केवळ गुणांच्या उतरत्या क्रमाने वाटाव्यात, की मागणारा कोणत्या घरातून व कोणत्या परिस्थितीतून आला आहे हेही पाहावे? दोन्ही पक्षांच्या मुखी न्याय हाच शब्द असतो. ज्या पुरुषाने या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांत न शोधता प्रत्यक्ष राज्य चालवून दिले, त्याचे चरित्र आम्ही आज आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो. तो पुरुष आपणांस परका नाही. आपले शिरोळ हे करवीर राज्यातील एका पेट्याचे ठाणे होते. आणि शेजारचे जयसिंगपूर श्रीशाहू महाराजांनीच वसविले व त्यास आपल्या जनक पित्याचे नाव दिले.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलकर घाटगे घराण्यात झाला. मूळचे नाव यशवंतराव. मातोश्री राधाबाई यांचे छत्र बालपणीच हरपले. १७ मार्च १८८४ रोजी, वयाच्या दहाव्या वर्षी, चौथ्या शिवाजी महाराजांच्या पत्नी आनंदीबाईसाहेब यांनी त्यांस दत्तक घेतले आणि कागलचे यशवंतराव करवीरचे शाहू छत्रपती झाले. दोनच वर्षांनी जनक पिता जयसिंगराव आबासाहेब हेही निवर्तले. पुढे राजकोट येथील राजकुमार महाविद्यालयात व त्यानंतर धारवाड येथे फ्रेझरसाहेबांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाची वीस वर्षेही पुरी झाली नसता, राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली.

तरुण राजाने आपल्या दप्तराकडे दृष्टी टाकली, तेव्हा त्यास काय दिसले? सामान्य कारभारातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. खाजगी खात्यातील ५२ पैकी ४५ ब्राह्मण होते. ज्या रयतेच्या साऱ्यावर हे दप्तर चालत होते, त्या रयतेची मुले त्यात शोधून सापडत नव्हती. हा सारा पक्षपात आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. परंतु महाराजांची बुद्धी तेवढ्यावर थांबली नाही. सुशिक्षित माणूस हवा म्हटले तर तो मिळावयाचा कोठे? ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या लेखणी चालत आली, त्याच घरांत. खेड्यातील कुणब्याचा किंवा महाराचा मुलगा हुशार निघाला तरी कोल्हापुरास येऊन राहावयाचे कोठे व जेवावयाचे कोठे, येथेच त्याची वाट बंद होई. गरीब ब्राह्मण मुलासही दैन्य सोसावे लागे, हे खरे. पण तो निदान सात घरी वार लावून जेवू शके. ती सोय इतरांस नव्हती, आणि अस्पृश्य गणलेल्या मुलास तर कोणी ओसरीवरही घेत नसे. म्हणजे परीक्षेच्या खोलीत शिरण्यापूर्वीच बहुतेकांची परीक्षा संपलेली असे.

जन्मावरून माणसाचे मोल ठरविण्याची झळ स्वतः महाराजांनाही लागली होती. १८९९ च्या सुमारास राजवाड्यातील पुरोहिताने त्यांस वेदोक्त विधींचा अधिकार नाकारला आणि त्यातून वेदोक्त प्रकरण उद्भवले. छत्रपतींची ही स्थिती, तर सामान्य कुणब्याची काय असेल, हे त्यांस कोणी सांगावयास नको होते.

महाराजांचा पहिला प्रयत्न फार बोधप्रद आहे. १८९६ साली राजाराम कॉलेजास जोडून सर्व जातींच्या विद्यार्थ्यांकरिता एक वसतिगृह काढण्यात आले. दार सर्वांस खुले होते. मज्जाव कोणासच नव्हता. परंतु थोड्याच काळात ते वसतिगृह केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांचे होऊन बसले. दार उघडे ठेवणे निराळे आणि त्या दारापर्यंत येण्याचे बळ देणे निराळे, हा धडा महाराज येथे शिकले. मग त्यांनी मार्ग बदलला. १९०१ साली मराठा व जैन विद्यार्थ्यांसाठी, १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी, १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, तसेच लिंगायत, सारस्वत इत्यादिकांसाठी अशी वसतिगृहांची मालिकाच कोल्हापुरात उभी राहिली. १९१५ साली निघालेले इंडियन ख्रिश्चन होस्टेल याच मालिकेतील होय. ज्या समाजाचे वसतिगृह त्याच समाजाच्या पुढाऱ्यांनी ते चालवावे व दरबाराने जागा, इमारत व उत्पन्न यांचे साहाय्य करावे, अशी ही योजना होती.

जातवार वसतिगृहांनी जातिभेद दृढ होईल, असा आक्षेप घेता येतो आणि तो पोकळ नाही. पण सर्वांसाठी काढलेल्या वसतिगृहाची काय गत झाली, हे महाराजांनी डोळ्यांनी पाहिले होते. वेगळेपणा हे त्यांचे साध्य नव्हते. म्हणून १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्या मुलांस इतरांबरोबर एकाच शाळेत बसविण्याची आज्ञा दिली.

याच विचाराचा कळस म्हणजे २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा. सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणानिमित्त महाराज त्या वेळी विलायतेस गेले होते. करवीर गॅझेटात प्रसिद्ध झालेल्या या आज्ञेने यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांनी भरावयाच्या ठरल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे ते मागासलेले, अशी व्याख्याही दिली होती. जे नोकरीवर होते त्यांची भाकरी या आज्ञेने हिरावली नाही. निम्म्या जागा पूर्वीप्रमाणेच खुल्या राहिल्या. आणि आज्ञा कागदावर राहू नये म्हणून खातेप्रमुखांनी नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सादर करावा, असेही बजावले होते.

या धोरणावर टीकेचे काहूर उठले. सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर यांच्याविषयी एक गोष्ट आपल्या भागात घरोघर सांगतात. शिष्यवृत्त्या व नोकऱ्या जातीकडे न पाहता केवळ गुणांवर द्याव्यात, असे अभ्यंकरांनी महाराजांपाशी प्रतिपादिले. महाराजांनी वाद घातला नाही. ते त्यांस घोड्यांच्या पागेत घेऊन गेले. तेथे प्रत्येक घोड्याच्या तोंडाला त्याचा त्याचा तोबरा होता. महाराजांच्या हुकमाने तोबरे काढून सर्वांचे चणे एकाच जाजमावर ओतले व घोडे मोकळे सोडले. दांडग्या घोड्यांनी लाथा झाडीत सारे चणे फस्त केले. शिंगरे व दुबळी जनावरे दूर उभी राहून पाहत राहिली. अभ्यंकर काय ते समजले.

या गोष्टीचा अर्थ मात्र नीट ध्यानी घेतला पाहिजे. दुबळ्या घोड्यास शर्यतीवाचून बक्षीस द्यावे, असे ती सांगत नाही. त्यास आधी पोटभर चणे मिळावेत, एवढेच ती सांगते. महाराजांनी राखीव जागा व शिक्षण ही दोन अंगे कधी एकमेकांपासून तोडली नाहीत, याचे मर्म येथे आहे. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा केला. १९१८ साली करवीर पेट्यातील चिखली येथे त्याचा प्रारंभ झाला. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता. जागा राखून ठेवावयाची आणि तिच्यापर्यंत पोहोचणारी पायवाटही बांधावयाची, असे हे राज्य होते.

मार्च १९२० मध्ये आपल्या जवळच्याच माणगावी अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते तरुण डॉ. आंबेडकर, आणि महाराज स्वतः तेथे उपस्थित राहून, हाच तुमचा खरा पुढारी असे त्या समाजास सांगून आले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, महाराजांचा अंत झाला. डॉ. आंबेडकर पुढे स्वतंत्र भारताच्या घटनेचे शिल्पकार झाले, हे सर्वांस विदितच आहे.

करवीरचा प्रश्न मग साऱ्या देशाचा झाला. मद्रास इलाख्यात महाविद्यालयांच्या जागा जातवार वाटणारी आज्ञा होती. ती १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली, आणि त्याच वर्षी घटना दुरुस्त करून मागासलेल्या वर्गांसाठी प्रवेशात खास तरतूद करण्याची मोकळीक सरकारास देण्यात आली. १९९२ साली त्याच न्यायालयाने नोकऱ्यांतील राखीव जागांस सर्वसाधारणपणे शेकडा ५० ची मर्यादा घातली. नव्वद वर्षांपूर्वी करवीर गॅझेटात छापला गेलेला आकडाही तोच होता. पुढारलेल्या जातीतील दरिद्री मुलाचे काय, हा प्रश्न महाराजांच्या आज्ञेत अनुत्तरित राहिला होता. २०१९ साली घटनादुरुस्तीने अशांसाठी शेकडा १० जागांची वाट निघाली व २०२२ साली न्यायालयाने ती मान्य केली. अमेरिकेत २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या प्रवेशांत वंशाचा विचार करण्यास मनाई केली. तथापि वंशामुळे आपल्या आयुष्यात काय घडले हे विद्यार्थ्याने लिहावे व ते वाचले जावे, यास आडकाठी ठेविली नाही. विद्वान न्यायाधीशांतही मतभेद आहेत, यावरून प्रश्न किती अवघड आहे हे कळून येईल.

विद्यार्थिमित्रांनो, गुणपत्रिका खोटी नसते. परंतु ती मुलगा कोठे पोहोचला एवढेच सांगते, कोठून निघाला हे सांगत नाही. ज्याच्या घरी पुस्तके, दिवा व शिकविणारे माणूस आहे त्याचे ८० गुण, आणि जो पहाटे धारा काढून, दोन कोस चालून शाळेत येतो त्याचे ७० गुण, यांत अधिक परिश्रम कोणाचे, हे ठरविताना नुसती वजाबाकी पुरत नाही. त्याचबरोबर हेही विसरू नये की, ज्यास विशेष सवलतीने जागा लाभली त्याने ती आपल्या विद्येने सार्थ केली पाहिजे. कारण त्याच्या पाठीमागून येणाऱ्या दुसऱ्या मुलाची वाट त्याच्याच वर्तनाने रुंद किंवा अरुंद होणार आहे. महाराजांच्या वसतिगृहांत जी मुले राहिली, त्यांतील कित्येकांनी गावोगाव शाळा काढून हे ऋण फेडले. आपल्या वर्गात आपल्याहून मागे बसलेला कोण आहे व तो मागे का आहे, एवढी चौकशी आपणांपैकी प्रत्येकाने केली, तर या थोर पुरुषाचे चरित्र वाचल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.