र. धों. कर्वे: डॉक्टर नसूनही पत्रातून सल्ला देणारा आणि त्यासाठी दंड भरणारा प्राध्यापक

1930 च्या आसपासचं वरूड डोळ्यांसमोर आणा. मोर्शी तालुक्यातलं गाव, रेल्वे नाही. एखाद्या बाईला पाचवं बाळंतपण नको असेल, किंवा स्वप्नदोषामुळे आपण खंगून मरणार अशी धास्ती एखाद्या पोराने घेतली असेल, तर विचारायचं कुणाला? घरात हा विषय निघत नाही. गावातल्या वैद्याला विचारावं, तर तो वडिलांच्या बैठकीतला. वर्तमानपत्रांत जाहिराती भरपूर, पण त्या शक्तिवर्धक गोळ्या विकणाऱ्यांच्या. अशा माणसाला परवडणारा आणि लाज राखणारा एकच रस्ता होता, तो म्हणजे पोस्ट.

पत्रातून सल्ला देण्याची पद्धत तशी जुनी. 18व्या शतकात एडिंबराचे डॉक्टर विल्यम कलेन कधीही न पाहिलेल्या रुग्णांना पत्रातून औषध सुचवायचे. अमेरिकेच्या खेड्यांत डॉक्टर दूर असायचे, म्हणून तिथेही लोक दुखणं कागदावर लिहून पाठवायचे. महाराष्ट्रात मात्र अंतराइतकीच मोठी अडचण होती ती लाजेची. ती ओळखली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी.

रघुनाथ हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव. जन्म 14 जानेवारी 1882. शिक्षण आणि पेशा गणिताचा, वैद्यकाची पदवी नाही. पण शरीरशास्त्र आणि संततिनियमनावरची इंग्रजी-फ्रेंच पुस्तकं त्यांनी पालथी घातली होती. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपला दवाखाना सुरू केला होता, म्हणजे मुंबई काही मागे नव्हती. हे काम बंद करा किंवा नोकरी सोडा, असा पेच विल्सन कॉलेजने घातला, तेव्हा 1925 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. घर चालवण्याचा भार पत्नी मालतीबाईंवरही आला. या जोडप्याने स्वतः मूल होऊ दिलं नाही.

मुंबईतल्या केंद्रापर्यंत किती लोक पोचणार? जुलै 1927 मध्ये कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि त्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला घेतलं. पत्रातून नाडी बघता येत नाही, तपासणी करता येत नाही. पण येणाऱ्या बऱ्याच शंका आजाराच्या नव्हत्याच, भीतीच्या होत्या. हस्तमैथुनाने शरीराचं नुकसान होत नाही, एवढं कुणीतरी छापील अक्षरात सांगितलं तरी पोरगा रात्री झोपू शकत होता. शिवाय एकाने विचारलं की उत्तर सगळ्यांना मिळायचं. ज्याची पत्र लिहायचीही हिंमत नव्हती, त्यालाही. कर्वे उत्तर रोखठोक द्यायचे. समजूत घालणं, गोड बोलणं हा त्यांचा पिंड नव्हता, आणि त्यामुळे त्यांना शत्रूही भरपूर मिळाले.

1931 मध्ये त्यांच्या एका लेखावर अश्लीलतेचा खटला झाला, 100 रुपये दंड झाला. 1934 चा दुसरा खटला आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे, कारण या वेळी आरोप होता वाचकांच्या पत्रांना दिलेल्या उत्तरांवर. कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. प्रश्नच विकृत असतील तर उत्तर कशाला द्यायचं, अशी शंका निघाली; त्यावर विकृती असेल तर ती ज्ञानानेच जाईल, असा युक्तिवाद बाबासाहेबांनी केला. तरीही निकाल विरोधात गेला. या वेळी दंड 200 रुपये.

पदरमोड करून चालवलेल्या माणसाला ही रक्कम जड होती. मासिक मात्र बंद पडलं नाही. 1944 मध्ये मालतीबाई गेल्या, तरी अंक निघत राहिले. 1952 मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा अधिकृत कार्यक्रम हाती घेतला. ज्या कामापायी कर्व्यांची नोकरी गेली होती, ते आता सरकारी धोरण झालं. पुढच्याच वर्षी, 14 ऑक्टोबर 1953 रोजी, त्यांचं निधन झालं. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक नोव्हेंबरमध्ये, त्यांच्या पश्चात निघाला.