शंकर बाळकृष्ण दीक्षित

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ साली कोकणात मुरूड येथे झाला. ठाणे, बार्शी, धुळे येथे त्यांनी शिक्षकाचे काम केले. पंचांगातील मकरसंक्रांत जानेवारीत येई. सूर्य मात्र डिसेंबरातच उत्तरेकडे वळलेला असे. ही तफावत त्यांना स्वस्थ बसू देईना. ते जुने ग्रंथ आकाशाशी ताडून पाहू लागले. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत, असे सांगितले आहे. आता तर त्या बऱ्याच उत्तरेस उगवतात! मग ठीक पूर्वेस केव्हा उगवत होत्या? दीक्षितांनी गणित मांडले. उत्तर आले, सुमारे ५००० वर्षांपूर्वी.

गणिताला भिणाऱ्यांसाठी त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहिले. त्याचे दुसरे नाव 'रात्रीची दोन घटका मौज'. दोन घटका म्हणजे अवघी ४८ मिनिटे! १८९८ साली दीक्षित वारले. त्यांच्या पुस्तकाने कित्येकांना ताऱ्यांची गोडी लावली.