बाबासाहेब आणि शेतीचे पाणी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि पाणी म्हटले की आपल्या माणसाच्या डोळ्यांसमोर महाडचे चवदार तळे उभे राहते. ते साहजिकच आहे. परंतु ज्या महापुरुषाने तळ्याच्या पाण्यासाठी लढा दिला, त्यानेच पुढे या देशातील नद्यांच्या पाण्याचे काय करायचे याचा पाया घातला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात सहसा सापडत नाही. प्रस्थापितांनी ती लिहिली नाही हे खरे. आपणही ती जयंतीच्या भाषणात एका वाक्यात उरकतो, हेही तितकेच खरे.

सुरुवात १९०१ सालापासून करावी लागते. सुभेदार रामजीबाबा तेव्हा खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदार म्हणून नोकरीला होते. दुष्काळाने गांजलेल्या लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून तेथे सरकारने तलाव खोदण्याचे काम काढले होते. वडिलांना भेटायला लहानगा भीम, त्याचा थोरला भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून निघाली. मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडीने पुढचा प्रवास. जात कळल्यावर गाडीवाला गाडी हाकायला तयार होईना. दुप्पट भाडे घेऊन, मुलांनी स्वतः गाडी हाकावी या अटीवर तो तयार झाला. शिदोरी सोबत होती, पण रात्रभर कोणी पाणी दिले नाही. घासही न खाता ही मुले झोपली. बाप तलावाच्या कामावर आणि लेकरे घोटभर पाण्याला महाग! पुढे बाबासाहेबांनी स्वतःच ही हकिकत लिहून ठेवली आहे.

तो मुलगा कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आला आणि १९१८ साली त्याने भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे झाले म्हणून शेती बुडते, ते तुकडे जोडा म्हणजे सगळे ठीक होईल, असे तेव्हाचे पंडित सांगत होते. बाबासाहेबांनी हा हिशेबच चुकीचा ठरवला. शेत परवडणारे आहे की नाही, हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्या एकरांना भांडवल, अवजारे आणि श्रम यांची जोड किती प्रमाणात मिळते, यावर ते ठरते. कोरडवाहू दहा एकरवाला मुंबईच्या गिरणीत का जातो आणि पाण्याखालच्या दोन एकरवाला गावात का टिकतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

महाडचा इतिहास वाचकांना पाठ आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आम्ही वकील म्हणून त्यातील दाव्याकडे लक्ष वेधू इच्छितो. त्याच वर्षी १२ डिसेंबरला सनातन्यांनी दिवाणी दावा लावला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची पूर्वापार वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हा दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो अखेर फेटाळला. तळे नगरपालिकेचे आहे आणि वहिवाट सिद्ध झालेली नाही. पाण्याचा मालक कोण, हा प्रश्न बाबासाहेबांनी कोर्टात पुराव्यानिशी लढवला होता. तोच प्रश्न पुढे त्यांच्यासमोर नद्यांच्या रूपाने आला.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. पाटबंधारे आणि वीज हे विषय याच खात्याकडे होते. १९४३ च्या जुलैत दामोदर नदीचा बांध वर्धमानजवळ फुटला. रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रोड तुटले. महायुद्ध ऐन भरात असताना कलकत्ता देशापासून तोडले गेले. ते बंगालच्या भीषण दुष्काळाचेही वर्ष होते. एकीकडे पुराने पिके वाहून जातात, दुसरीकडे माणसे उपाशी मरतात. इंग्रजांचा उपाय ठरलेला होता : बांध उंच करा, पाणी लवकर समुद्रात घालवा.

बाबासाहेबांनी ही दिशाच बदलली. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांसंबंधी परिषद झाली. जास्त पाणी हे संकट आहे, ही समजूतच चुकीची असल्याचे त्यांनी तेथे मांडले. पाणी ही संपत्ती आहे, ती कमी पडते म्हणून माणूस मरतो. तेव्हा ते अडवा आणि त्याच धरणातून सिंचन, वीज, जलवाहतूक आणि पूरनियंत्रण अशी सर्व कामे करून घ्या. अमेरिकेत १९३३ साली टेनेसी खोऱ्याचे प्राधिकरण स्थापन झाले होते. तेथील अभियंते वूर्दुइन यांना सरकारने बोलावून घेतले आणि १९४५ च्या ऑगस्टमध्ये दामोदरचा प्राथमिक आराखडा तयार झाला. धरणे बिहारात, फायदा बंगालला. या दोन प्रांतांना एका टेबलावर बसवण्याचे किचकट काम मजूर खात्याने केले. १९४५ मध्येच केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच. हिराकुडची कोनशिला मार्च १९४६ मध्ये बसली. दामोदर खोरे महामंडळ कायद्याने १९४८ साली अस्तित्वात आले, तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते.

देशातील सगळी धरणे बाबासाहेबांनीच बांधली, असे आपल्यापैकी काही वक्ते टाळ्यांसाठी सांगतात. तसे सांगण्याची गरज नाही. अभियंते होते, प्रांतांची सरकारे होती, मेघनाद साहांसारखे शास्त्रज्ञ होते. नदीला प्रांताची हद्द नसते, म्हणून तिचे नियोजन संपूर्ण खोऱ्याचे व्हावे आणि त्यासाठी केंद्राची यंत्रणा हवी, हा विचार धोरणात आणण्याचे श्रेय बाबासाहेबांच्या खात्याचे आहे. तेवढे पुरेसे मोठे आहे. त्या धरणांनी दामोदरकाठच्या संथाळांना आणि हिराकुडच्या दोनशेहून अधिक गावांना उठवले, हेही चळवळीच्या माणसाने विसरता कामा नये.

संविधानात हा विचार कोठे आला? पाणी राज्यसूचीत नोंद १७ खाली आले, पण आंतरराज्य नद्यांचे नियमन नोंद ५६ ने संघाकडे गेले. अनुच्छेद २६२ ने पाणीतंट्यांसाठी संसदेला कायदा करण्याचा अधिकार दिला. १९५६ साली दोन कायदे झाले. त्यांपैकी तंट्यांच्या कायद्यावर राज्ये आजवर भांडत आली आहेत आणि खोऱ्याचे नियोजन करणाऱ्या नदी मंडळ कायद्याखाली एकही मंडळ उभे राहिले नाही. भांडण घेतले, नियोजन टाकून दिले! अनुच्छेद १५ मध्ये मात्र विहिरी, तलाव आणि स्नानघाट स्पष्ट शब्दांत आहेत. महाडचा निकाल तेथे मूलभूत अधिकार झाला.

एक गोष्ट मात्र संविधानात येऊ शकली नाही. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी शेती हा सरकारी उद्योग करावा, जमीन जात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी आणि पाणी, बैल, अवजारे, खत, बियाणे पुरवणे सरकारवर बंधनकारक करावे, अशी मागणी केली होती. पाणी जमिनीच्या मालकाला द्यायचे नसून कसणाऱ्याला द्यायचे, हा तिचा गाभा. १९५९ आणि १९६४-६५ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन तुरुंगात गेले ते या मागणीचे निम्मे अंग घेऊन. पाण्याचे दुसरे अंग मागेच राहिले.

महाराष्ट्रात कालव्याचे पाणी आजही सातबाऱ्याच्या मागे चालते. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातही लाभक्षेत्रातील वाटा जमिनीच्या हिशेबाने ठरतो. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला शेतीच्या पाण्याचा वाटा नाही आणि ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्या उसाला जास्त. दुसरा मार्ग नाही असे कोणी म्हणू नये. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तेथे पाणी माणशी वाटले गेले, भूमिहीनांचा हक्क मानला गेला आणि उसाला बंदी होती.

२०१७ साली राज्य सरकारने अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांना विहीर देणारी योजना बाबासाहेबांच्याच नावाने काढली. तिची पहिली अट अर्जदाराच्या नावावर सातबारा असावा ही होती. आमच्याकडे मराठवाड्यातील गायरानधारक येतात. दोन-दोन पिढ्या जमीन कसूनही त्यांचे नाव सातबाऱ्यावर लागलेले नाही. कोणाकडे दंडाची पावती आहे, कोणाकडे पीकपाहणीची नोंद आहे. त्यांच्या वस्तीशेजारून पाटाचे पाणी वाहत असले तरी त्यांना मोटार टाकता येत नाही. त्यांच्या अर्जावर तहसीलचा शेरा एकच असतो : जमीन सरकारी.