माळावरचा राजा

आपला महाराष्ट्र डोंगरांचा आहे, तसाच माळरानांचाही आहे. बीड जिल्ह्यातील युसूफ वडगावसारख्या गावांतील मुलांना माळरान चांगले ओळखीचे असते. खुरटे गवत, बाभळी, दगडगोटे आणि मोकळे आभाळ! अशा माळावर एकेकाळी काळविटांचे मोठे कळप चरत. त्यांच्या मागावर चित्ते असत. आणि चित्त्यांच्या मागावर माणसे असत.

अशा माळावर मनापासून रमणारा एक राजा होऊन गेला. त्याचे नाव राजर्षी शाहू महाराज.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. १८८४ साली कोल्हापूरच्या राजघराण्याने त्यांना दत्तक घेतले. राजकोट आणि धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी कोल्हापूर संस्थानाचा कारभार हाती घेतला.

महाराज अंगाने धिप्पाड होते. कुस्ती, घोडेस्वारी आणि शिकार हे त्यांचे आवडते छंद. त्या काळी विलायतेहून नव्या, लांब पल्ल्याच्या बंदुका येऊ लागल्या होत्या. बरेच राजे मचाणावर बसत आणि दुरून गोळी झाडत. एकाच दिवसात किती जनावरे मारली, याची ते मोजदाद ठेवत. महाराजांनाही बंदूक उत्तम चालवता येत असे. वाघाच्या शिकारीला ते बंदूक घेत. पण त्यांचे खरे मन जुन्या पद्धतीच्या शिकारीत रमे. एक शिकार भाल्याची आणि दुसरी चित्त्याची.

रानडुकराची शिकार ते घोड्यावरून, हातात भाला घेऊन करत. या शिकारीत घोडा भरधाव पळवावा लागतो. खाली खड्डे असतात, दगड असतात. डुक्कर अचानक वळते आणि सुळ्यांनी घोड्याचे पोट फाडते. भाल्याच्या शिकाऱ्याला जनावराच्या अगदी जवळ जावे लागते. जितका धोका जनावराला, तितकाच माणसालाही! हात, नजर आणि घोडा या तिघांचा मेळ बसला तरच ती शिकार साधते.

चित्त्याची शिकार याहून निराळी. ती मोगल बादशहांच्याही आधीपासून आपल्या देशात चालत आली होती. अकबर बादशहाने असे शेकडो चित्ते पाळले होते. कोल्हापुरातही महाराजांनी शिकारी चित्ते बाळगले. त्यांना सांभाळणाऱ्या माणसांना चित्तेवान म्हणत. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडीत बसवत. गाडी हळूहळू काळविटांच्या कळपाजवळ नेत. गाडीला काळवीट फारसे बुजत नसत. मग चित्तेवान टोपी काढी. चित्ता क्षणभर कळपाकडे पाही आणि बाणासारखा सुटे. काही शे पावलांतच निकाल लागे. काळवीट निसटले, तर चित्ता धापा टाकत थांबे. मग पुन्हा त्याचा पाठलाग नाही. या शिकारीत काळविटाला सुटण्याची संधी असे.

हे सारे करायला रानाची माहिती असणारी माणसे लागत. ती माणसे म्हणजे फासेपारधी. जनावरांचे केस आणि तात यांपासून ते फासे तयार करत. तितर, लाव्हे, हरणे त्या फाशात धरत. पक्ष्यांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करत. चित्ते ज्या झाडांवर नखे घासायला येतात, ती झाडे त्यांना ठाऊक असत. अशा झाडांभोवती फासे लावून ते जिवंत चित्ता पकडत. हातात बंदूक नाही, पण माग काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सातपुड्यातील भिल्लांचे धनुष्यबाण जसे, तसेच पारध्यांचे फासे. हत्यार जुने, पण त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान.

मात्र या माणसांना समाजात मान नव्हता. इंग्रज सरकारने १८७१ साली एक कायदा केला आणि पुढे अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. जुनी शिकार कमी झाली, राने तुटू लागली. पोटासाठी काही जण चोऱ्या करू लागले. मग गावात कोठेही चोरी झाली, की पोलीस प्रथम पारध्यांना धरत.

शिकारीच्या निमित्ताने महाराज रानावनांत फिरत. तेथे त्यांनी या लोकांचे कौशल्य पाहिले. त्यांचे दारिद्र्यही पाहिले. भुकेपोटी चोरी होते, हे त्यांनी ओळखले. त्यांनी फासेपारध्यांना शिक्षा करण्याऐवजी काम दिले. कोल्हापूरजवळ सोनतळी येथे महाराजांचा मुक्काम असे. तेथे त्यांनी पारध्यांना आपल्याजवळ वसवले आणि पहाऱ्याचे काम सोपवले. ज्यांना लोक चोर म्हणत, तेच राजाचे पहारेकरी झाले! काही जमातींच्या लोकांना रोज चावडीवर हजेरी द्यावी लागे. ही पद्धत महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात बंद केली.

माणसावर विश्वास ठेवला, तर माणूस बदलतो, असा महाराजांचा अनुभव होता. त्याच विश्वासाने त्यांनी शिक्षणाची दारे सर्वांना उघडली. कोल्हापुरात त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. १९०६ साली मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था स्थापन झाली, तेव्हा महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. १९०२ साली त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. गायक अल्लादिया खाँ आणि चित्रकार आबालाल रहिमान यांनाही त्यांच्या दरबारात आश्रय मिळाला.

१९१८ साली महाराजांवर मोठे संकट कोसळले. त्यांचे धाकटे पुत्र राजकुमार शिवाजी रानडुकराच्या शिकारीला गेले होते. पाठलाग करताना ते घोड्यावरून पडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. ज्या शिकारीवर महाराजांचे प्रेम होते, तिनेच त्यांचा तरुण मुलगा हिरावून नेला. त्यांची सून इंदुमतीदेवी त्या वेळी अवघ्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. त्या काळी विधवा मुलीला घराच्या कोपऱ्यात दिवस काढावे लागत. पण महाराजांनी दुःख गिळले. घरातील विरोधाला न जुमानता त्यांनी सोनतळी येथे सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था केली. ज्या जागी पारध्यांना आधार मिळाला होता, त्याच जागी एका लहान मुलीला नवे आयुष्य मिळाले.

६ मे १९२२ रोजी मुंबई येथे महाराजांचे निधन झाले. त्यांचे वय त्या वेळी फक्त सत्तेचाळीस वर्षांचे होते.

त्यानंतर काळ झपाट्याने बदलला. पकडून आणलेल्या चित्त्यांना सहसा पिले होत नसत. म्हणून प्रत्येक शिकारी चित्ता रानातूनच पकडावा लागे. माळराने नांगराखाली गेली. बंदुकांनी हरणेही संपवली. संस्थानिकांना पुढे आफ्रिकेतून चित्ते आणावे लागले. अखेर १९५२ साली भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी जन्माने गुन्हेगार ठरवणारा तो जुना कायदाही रद्द झाला. २०२२ साली आफ्रिकेतून चित्ते आणून मध्य प्रदेशातील कुनो येथील जंगलात सोडण्यात आले.

महाराजांच्या शिकारीचे दाजीपूरचे रान १९५८ साली अभयारण्य झाले. जेथे पूर्वी शिकार चाले, तेथे आता गवे निर्भयपणे चरतात. १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा ठरला. आज भाला असो, फासा असो की बंदूक, कोणालाही रानातील जनावर मारता येत नाही. ते योग्यच आहे.

मग महाराजांच्या शिकारीतून आपण काय घ्यावे? रानात जवळ जाऊन पाहण्याची त्यांची सवय घ्यावी. दुरून गोळी झाडणाऱ्याला फक्त सावज दिसते. जवळ जाणाऱ्याला रान दिसते, आणि रानात राहणारा माणूसही दिसतो. महाराजांना तो माणूस दिसला. म्हणूनच ते चांगले शिकारी तर होतेच, पण त्याहूनही मोठे राजे झाले.

शब्दार्थ
धिप्पाड – उंच व दणकट
मचाण – शिकारीसाठी झाडावर बांधलेला माळा
तात – जनावराच्या आतड्याची किंवा स्नायूंची दोरी
माग काढणे – पावलांच्या खुणांवरून शोध घेणे
हात धरणारा नसणे – बरोबरी करणारा कोणी नसणे
न जुमानणे – पर्वा न करणे

स्वाध्याय
१. भाल्याने शिकार करणे धोक्याचे का होते?
२. फासेपारध्यांना कोणकोणत्या गोष्टींचे ज्ञान होते?
३. महाराजांनी फासेपारध्यांना कोणते काम दिले? का?
४. भारतातून चित्ता नाहीसा का झाला, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
५. ‘माग काढणे’ आणि ‘दुःख गिळणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.