जे. बी. एस. हाल्डेन : पतंगांचा हिशोब मांडणारा शास्त्रज्ञ

जुन्या मिलची चिमणी आठवणाऱ्या सोलापूरकरांना ही गोष्ट लवकर कळेल. इंग्लंडमधलं मँचेस्टरही गिरण्यांचंच गाव. तिथल्या झाडांच्या खोडांवर दगडफूल वाढायचं. त्यावर पांढरट, ठिपकेदार पतंग (दिव्याभोवती फिरतो तो, उडवायचा नव्हे!) बसला की पक्ष्यांना दिसायचा नाही. मग धुराने दगडफूल मेलं, खोडं काळवंडली. १८४८ मध्ये तिथे काळ्या पतंगाची नोंद झाली आणि १८९५ पर्यंत शंभरातले सुमारे ९८ पतंग काळे होते.

मुलं उत्तरात लिहितात, लपता यावं म्हणून पतंग काळे झाले. तसं नाही. काळा रंग जनुकातल्या अपघाती बदलातून, म्हणजे उत्परिवर्तनातून आला. पतंगाला त्याची गरज आहे की नाही, याच्याशी त्या बदलाचा काही संबंध नव्हता. स्वच्छ खोडावर असा पतंग पक्ष्यांनी लगेच टिपला असता. काळ्या खोडावर तो वाचला, त्याची पिल्लावळ वाढली.

पण अवघ्या पन्नास वर्षांत एवढा बदल? हा हिशोब १९२४ मध्ये हाल्डेन यांनी मांडला. पुढची पिढी देण्यात काळे पतंग फिक्यांच्या सुमारे दीडपट सरस असले पाहिजेत, असं उत्तर आलं. निसर्गाची निवड इतकी जोरदार असते, असं तेव्हा फारसं कुणाला वाटत नव्हतं.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डचा. वडील श्वसनाचे संशोधक. खाणीतली हवा तपासायला जाताना मुलालाही सोबत न्यायचे. गंमत म्हणजे एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाकडे विज्ञानाची पदवीच नव्हती! पहिल्या महायुद्धात ते मेसोपोटेमियात जखमी झाले आणि उपचारासाठी भारतात आले, तेव्हाच या देशाशी ओळख झाली.

१९४९ मध्ये त्यांनी आणखी एक विचार मांडला. रक्ताचा आजार देणारं थॅलसेमियाचं जनुक टिकून का राहतं? आई-वडिलांपैकी एकाकडूनच ते आलं, तर मलेरियापासून बचाव होत असावा. पुढे सिकलसेलबाबत हे सिद्ध झालं. आपल्या नंदुरबार, गडचिरोलीत सिकलसेलची मुलं दिसतात, त्यामागे हेच कारण आहे. दोन्हीकडून जनुक आलं की मात्र मूल आजारी पडतं. त्यात कुणाच्या घराण्याचा दोष नाही, हे पालकांना जरूर सांगावं.

१९५७ मध्ये हाल्डेन कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, धोतर-कुर्त्यात वावरू लागले, १९६१ मध्ये भारताचे नागरिक झाले. शेवटची वर्षं भुवनेश्वरला गेली. १ डिसेंबर १९६४ रोजी कर्करोगाने ते गेले. देह त्यांच्या इच्छेप्रमाणे काकीनाडाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला, विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देण्यात आला.