मायकेल सर्व्हेटस : त्रैक्याचा शोध आणि त्याची किंमत

ख्रिस्ती धर्मश्रद्धेच्या केंद्रस्थानी त्रैक्याची शिकवण आहे. ईश्वर एकच आहे, परंतु त्या एका ईश्वरत्वात पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती आहेत, असे ही शिकवण सांगते. ख्रिस्ती बांधव तीन देव मानतात, असे म्हणणे हे त्यांच्या श्रद्धेचे यथार्थ वर्णन नव्हे. ते स्वतःला एकेश्वरवादीच समजतात. मात्र ही शिकवण बायबलमध्ये नेमकी कोठे आणि कोणत्या शब्दांत आली आहे, हा प्रश्न खुद्द ख्रिस्ती समाजातही वेळोवेळी उपस्थित झाला. सोळाव्या शतकात हा प्रश्न निर्भयपणे विचारणाऱ्या एका विद्वानाला प्राणांचे मोल द्यावे लागले. त्यांचे नाव मायकेल सर्व्हेटस.

सर्व्हेटस यांचा जन्म 1511च्या सुमारास स्पेनमधील अॅरॅगॉन प्रांतातील व्हिलानुएव्हा दे सिजेना या गावी झाला. वडील दस्तऐवज लिहिणारे शासनमान्य अधिकारी होते. तो काळ स्पेनच्या इतिहासातील अत्यंत कठोर काळ होता. 1492मध्ये ग्रॅनडाचे मुस्लिम राज्य संपुष्टात आले आणि त्याच वर्षी ज्यू लोकांना देशाबाहेर घालविण्यात आले. सर्व्हेटस पंधरा वर्षांचे असतील त्या सुमारास, 1526मध्ये, अॅरॅगॉनच्या मुस्लिमांपुढेही बाप्तिस्मा किंवा देशत्याग एवढेच दोन पर्याय ठेवण्यात आले. ज्या शिकवणीमुळे ज्यू व मुस्लिम ख्रिस्ती धर्मापासून दूर राहतात, ती शिकवण मुळात येशूंची आहे काय, हा विचार त्यांच्या लेखनात पुढे वारंवार आढळतो. त्याची पार्श्वभूमी ही अशी होती.

कायद्याच्या अभ्यासासाठी ते फ्रान्समधील तूलूझ येथे गेले. तेथे त्यांनी बायबलचे मुळापासून वाचन केले. हिब्रू व ग्रीक भाषांचे ज्ञान त्यांच्या कामी आले. या वाचनातून ते एका निष्कर्षाप्रत पोहोचले आणि 1531मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांनी त्रैक्यविषयक चुकांवर लॅटिन भाषेत एक ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे होते. त्रैक्य हा शब्दच बायबलमध्ये नाही. तीन व्यक्ती आणि एक सत्त्व ही परिभाषाही तेथे नाही. लॅटिनमध्ये त्रैक्य हा शब्द टर्टुलियन या लेखकाने इसवी सन 200च्या सुमारास रूढ केला. 325च्या नायसीया येथील धर्मपरिषदेत पुत्र हा पित्याशी एकसत्त्व असल्याचे ठरविण्यात आले आणि त्यासाठी जो ग्रीक शब्द निवडला गेला तो तत्त्वज्ञानाच्या परिभाषेतील होता. चर्चचे विद्वान मत्तयच्या शुभवर्तमानातील बाप्तिस्म्याच्या वचनाचा आणि योहानच्या शुभवर्तमानाच्या आरंभीच्या वचनांचा आधार देत. पहिल्यात पिता, पुत्र व पवित्र आत्मा ही तीन नावे एकत्र येतात. दुसऱ्यात ईश्वराच्या ‘शब्दा’चा उल्लेख आहे. सर्व्हेटस यांचे उत्तर असे की, तीन नावे एकत्र येणे म्हणजे एका सत्त्वात तीन व्यक्ती असणे नव्हे. ‘शब्द’ म्हणजे ईश्वराचे प्रकट होणे, आणि ‘आत्मा’ म्हणजे माणसांच्या ठायी कार्य करणारे त्याचे सामर्थ्य. या स्वतंत्र व्यक्ती नव्हेत.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. सर्व्हेटस हे मुस्लिम नव्हते आणि त्यांची श्रद्धा इस्लामी तौहीदशी जुळणारीही नव्हती. ते येशूंना ईश्वराचा पुत्र मानत, त्यांच्या ठायी ईश्वरत्व मानत आणि त्यांच्या क्रूसावरील मृत्यूवरही त्यांचा विश्वास होता. पवित्र कुरआनच्या सूरह अन्-निसामधील 171व्या आयतीत हजरत ईसा (अ.) यांना अल्लाहचे प्रेषित, मरयम (अ.) यांच्याकडे पाठविलेला त्याचा शब्द आणि त्याच्याकडील एक आत्मा म्हटले आहे, तसेच तीन म्हणण्यापासून परावृत्त केले आहे. शब्द व आत्मा यांच्या अर्थाविषयी सर्व्हेटस त्याच वाटेवर काही पावले आले, एवढेच म्हणता येईल. त्यांना आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभे करणे हा त्यांच्यावर अन्याय होईल.

ग्रंथ प्रसिद्ध होताच कॅथॉलिक व प्रोटेस्टंट हे दोन्ही पक्ष संतापले. सर्व्हेटस यांनी नाव बदलून फ्रान्समध्ये आश्रय घेतला. लिओन येथे ते छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम करीत. 1535मध्ये त्यांनी टॉलेमीच्या भूगोलाची आवृत्ती संपादित केली. पॅरिसमध्ये वैद्यकशास्त्र शिकून पुढे ते फ्रान्समधील व्हिएन या गावी स्थायिक झाले. तेथील आर्चबिशपांचे वैद्य म्हणून सुमारे बारा वर्षे त्यांनी प्रतिष्ठेने काढली.

परंतु मूळ प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी जिनिव्हाचे प्रोटेस्टंट नेते जॉन कॅल्व्हिन यांच्याशी पत्रव्यवहार आरंभिला. वाद विकोपाला गेला. 1553च्या आरंभी त्यांचा दुसरा मोठा ग्रंथ गुप्तपणे छापला गेला. ख्रिस्ती धर्माचे मूळ रूप पुन्हा प्रस्थापित करावे, हा त्याचा विषय. त्यातच, आत्मा व श्वास यांची चर्चा करताना, रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांतून डाव्या बाजूकडे जाते, हे त्यांनी स्पष्ट केले. युरोपात हे छापील स्वरूपात प्रथमच येत होते. दमास्कस व कैरो येथील मुस्लिम वैद्य इब्न अन्-नफीस यांनी ते तेराव्या शतकातच लिहून ठेवले होते.

ग्रंथकर्ता कोण, याची माहिती जिनिव्हाहून व्हिएनच्या कॅथॉलिक अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचली. कॅल्व्हिन यांना लिहिलेली सर्व्हेटस यांची खासगी पत्रे पुरावा म्हणून देण्यात आली. 4 एप्रिल 1553 रोजी त्यांना अटक झाली. तीन दिवसांनी ते तुरुंगातून निसटले, तेव्हा त्यांची प्रतिमा त्यांच्या ग्रंथांसह जाळण्यात आली. इटलीकडे जाताना ते जिनिव्हात थांबले आणि 13 ऑगस्ट रोजी तेथे ओळखले जाऊन पकडले गेले.

खटल्यात त्यांच्यावर त्रैक्य व अर्भकांचा बाप्तिस्मा नाकारल्याचे मुख्य आरोप होते. त्यांनी कुरआनचे वाचन केले काय, असाही प्रश्न काढण्यात आला. त्यांनी वकील मागितला. तो मिळाला नाही. थंडी, उवा व आजार यांनी ते जर्जर झाले, तरी आपले मत त्यांनी सोडले नाही. झुरिच, बर्न, बाझल व शाफहाउझेन या शहरांचा सल्ला घेण्यात आला. सर्वांनी त्यांना दोषी ठरविले. कॅल्व्हिन यांनी जाळण्याऐवजी शिरच्छेद सुचविला. नगरपरिषदेने तो मानला नाही. 27 ऑक्टोबर 1553 रोजी शांपेल येथे त्यांना जिवंत जाळण्यात आले.

अखेरच्या क्षणी त्यांनी येशूंना सनातन ईश्वराचा पुत्र म्हणून हाक मारली. सनातन हे विशेषण पुत्राला लावले असते, तर ती चर्चची मान्य भाषा झाली असती. एका विशेषणाची जागा बदलणे त्यांना सहज शक्य होते. परंतु जे धर्मग्रंथात आढळले नाही, ते जीव वाचविण्यासाठीही त्यांनी उच्चारले नाही.

पुढच्याच वर्षी सेबास्तियन कास्तेलियो या ख्रिस्ती विद्वानाने मतभेदासाठी माणसे मारण्याविरुद्ध ग्रंथ लिहिला. 1903मध्ये कॅल्व्हिन यांच्याच अनुयायांनी शांपेल येथे पश्चात्तापाचा स्मारकस्तंभ उभारला. जाळल्या गेलेल्या दुसऱ्या ग्रंथाच्या तीन प्रती आज पॅरिस, व्हिएन्ना आणि एडिनबरो येथे जतन केलेल्या आहेत.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? दुसऱ्याच्या श्रद्धेतील उणीव दाखविण्यापुरते ते वाचले, तर बोध वाया जाईल. सूरह अल-बकराच्या 256व्या आयतीने धर्माच्या बाबतीत बळजबरीला थारा दिलेला नाही, आणि सूरह अल-अन्कबूतच्या 46व्या आयतीने ग्रंथधारकांशी उत्तम रीतीनेच चर्चा करण्याची आज्ञा दिली आहे. शेजारच्या ख्रिस्ती बांधवाशी त्रैक्याविषयी बोलताना आपल्याला ती आज्ञा बांधते. आपल्यातीलच कोणी वेगळे मत मांडले, तेव्हाही बांधते. सत्याला आगीची मदत लागत नाही. त्याला वाचन लागते, विचार लागतो आणि ऐकून घेण्याचे धैर्य लागते. अल्लाह आपल्याला ते धैर्य देवो.